हसुरामला मधे घेऊन काढलेला फोटो

ग्रुपवर लोक जे लिहितात ते मी सुनेकडून वाचून घेतो आणि निम्म्या वेळा हसतो. कुणाला झाडावर बाई दिसते, कुणाला घाटात गाडीपुढे म्हातारा आडवा येतो... मी पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस आहे. पोरवयात खाडीवरच्या मिठागरात राखणीला झोपलो, पुढे मसणाशेजारच्या खळ्यावर भात झोडलं, मला आजवर कुणी दिसलं नाही. असलंच कुणी तर तेच मला बघून लांबून गेलं असेल. आजही माझं म्हणणं तेच आहे. भुताखेतावर विश्वास बसला म्हणून हे लिहीत नाही. माझ्या भिंतीवर एक फोटो लावलेला आहे आणि त्याचा अर्थ मला लागत नाही, म्हणून लिहितोय.

माझी शाळा चौथीपर्यंत. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही बोला, मी टाइप करते." म्हटलं नको, तू गोड करशील. एका बोटाने लिहितोय, चुका असतील त्या असू द्या.

आमचं गाव विचुंबे. नवीन पनवेल ओलांडलं की नदीच्या कडेला. जिथे आमची शेतं होती तिथे आता बिल्डिंगी उभ्या आहेत आणि त्यांना झाडांची नावं आहेत. मी, मुलगा आणि सून अश्विनी असे राहतो. मुलगा बंदरावर कामाला, त्याच्या पाळ्या असतात, त्यामुळे घरात बोलायला मी आणि अश्विनीच. माझी बायको चांगुणा, ती मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात गेली.

चांगुणा धवलारीण होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — आमच्या आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून नवरी निघेपर्यंत एक बाई गाणी म्हणते, देवांना बोलावते, नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवते. भटाच्या आधी तिचा मान. पंचक्रोशीत माझ्या बायकोशिवाय हळद लागायची नाही. आवाज असा की मांडवाबाहेर बिड्या ओढत बसलेले पुरुष गप्प व्हायचे.

पण फोटोचं नाव काढलं की पळायची. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर, नाहीतर पाठ. मुलाच्या लग्नाच्या व्हिडिओत तिचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे... आणि तोंड कुठेच नाही. सगळीकडे पाठ आणि अंबाडा. आधारकार्डावर एक फोटो आहे, तो बघून मला स्वतःलाच प्रश्न पडतो की ही बाई कोण.

आयुष्यात एकदाच ती कॅमेऱ्यासमोर नीट उभी राहिली. हसुरामच्या थोरल्या मुलाच्या हळदीत.

हसुराम माझा चुलत भाऊ. माझ्याहून थोडा लहान. गावचा माजी सरपंच, पांढरे कपडे, गळ्यात ती चेन. त्या हळदीत चांगुणा काम करत होती, हात हळदीने भरलेले, आणि नवऱ्याच्या बापालाही हळद लावायची म्हणून तिने हसुरामच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात फोटोवाल्याने हाक मारली आणि तिने वर पाहिलं. पळायला वेळच मिळाला नाही. फोटो असा आला होता की मी तो पाकिटात न ठेवता काचेच्या कपाटात ठेवला. ती थोडी हसत होती, डोळ्यात उजेड होता.

ती आजारी पडायच्या थोडं आधी हसुरामचा माणूस आला. "शेटना तो फोटू पायजे, बॅनरवर टाकाचा हाय. उद्या आनून देतो." भावकीत नाही म्हणता येत नाही. दिला.

तो उद्या आलाच नाही. चांगुणा दवाखान्यात, माझं लक्ष कुठे. ती गेली. दहाव्याला नदीवर फोटो ठेवायचा म्हणून मी स्वतः हसुरामच्या बंगल्यावर गेलो. झोपाळ्यावर बसला होता.

"अरे दादूस, तो फोटू ना... तो कापला."

"कापला म्हंजे?"

"बॅनरवाल्यानं कातरला. माजाच तेवढा पायजे होता. माजा त्या फोटूत तोंड बरा आला होता."

"आनि बाकीचा?"

"टाकला असल. बाकी काय होता त्यात?"

त्यात बाकी काय होतं, असं त्याने विचारलं. जिला जाऊन दहा दिवसही झाले नव्हते तिच्या नवऱ्याला. वर म्हणाला, "वयनीचा दुसरा काडून ठेवाचा होतास की."

मी उठलो. बाहेर आलो. गावाच्या कमानीवर त्याचा बॅनर टांगलेला होता, वाढदिवसाचा, केव्हापासून. त्याखालून चांगुणाची तिरडी गेली होती आणि मी मान वर केली नव्हती. आता केली. हसुरामचा हसरा चेहरा, खोलीएवढा... आणि त्याच्या खांद्यावर चार पिवळी बोटं. कातरणाऱ्याने नीट कातरलं नव्हतं. बोटं होती, हिरव्या बांगड्यांची एक कड होती, बाई नव्हती.

मी तिथे किती वेळ उभा राहिलो माहीत नाही. रिक्षावाले हॉर्न मारून कडेने जात होते. त्या कमानीखाली मी ठरवलं की हसुरामला याची किंमत कळली पाहिजे. कशी, ते तेव्हा माहीत नव्हतं.

दहाव्याला आधारकार्डाचा फोटो मोठा करून ठेवला. लांबून आलेल्या एका बाईने माझ्यासमोर विचारलं, "यो कोनाचा फोटू?"

त्यानंतर मी फोटो काढायला शिकलो. म्हातारपणी काय खूळ, असं गाव म्हणालं. म्हणो. माझ्या घरातलं दुसरं माणूस बिनाफोटोचं जाणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

अश्विनी घरून आगरी मसाला आणि सुकट विकते, मोबाईलवर ऑर्डरी येतात. त्यासाठी ती फोटो काढायचा क्लास करून आलेली. मसाल्याच्या बरणीचा फोटो काढायला तिला सकाळ पुरत नाही. माझे पहिले फोटो बघून ती पदराआड हसली. नदी कललेली, जणू पाणी सांडून जाईल. म्हशीच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलेला. शेजारच्या काशीनाथचे पाय घोट्यापासून कापलेले.

"बाबा, तुम्ही माणूसच बघता. माणूस आपोआप दिसतं. तुम्ही आधी चारही कडा बघायच्या. कडेला काय घुसतंय, काय कापलं जातंय. मग मागे काय आहे ते. माणूस सगळ्यात शेवटी."

हे मला पटलं. तेव्हापासून मी बटण दाबायच्या आधी चारही कडांवरून नजर फिरवतो, बांधावरून चालल्यासारखी. नवीन शिकणाऱ्याला माझंही हेच सांगणं आहे. आणि झूम करायचं नाही, चालत पुढे जायचं, आपले पायच झूम. उन्ह डोक्यावर असताना काढायचा नाही, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. सकाळचं तिरपं उन्ह एका गालावर पडलं की माणूस जिवंत दिसतो. ज्याचं तोंड उजवीकडे, त्याच्या उजवीकडे मोकळी जागा सोडायची, नाहीतर तो भिंतीवर आपटल्यासारखा वाटतो.

एकदा तिने मोबाईलवर रेघा आणल्या. दोन उभ्या, दोन आडव्या. मला ते मिठागरच दिसलं, चौकोन आणि मधे बांध.

"हा तीनचा नियम बाबा. रूल ऑफ थर्ड्स."

"तीनचा नियम मला नको शिकवूस. तिघांचा फोटो काढायचा नाही. मधला मरतो."

ती आधी हसली, मग माझ्याकडे बघून थांबली. "ते नाही हो. चित्राचे तीन भाग करायचे. माणसाला मधोमध नाही उभं करायचं, या रेघेवर घ्यायचं, कडेच्या. फोटो छान वाटतो."

"म्हणजे मधे कोणी नको."

"हां."

"मग तेच की. मधला जातो."

"बाबा, काहीही!"

मी हसलो. पण बोलता बोलता ते माझ्याच कानावर पडलं, आणि मी हसायचा थांबलो.

कारण हसुराम. हा नियम माझ्यासाठी बायकांच्या गप्पा होत्या, हसुरामसाठी नव्हत्या. तरुणपणी आम्ही कार्ल्याला एकविरेला गेलो होतो, तेव्हा पायऱ्यांवर तिघांचा फोटो निघाला, मधे हसुरामचा धाकटा भाऊ. वर्षाच्या आत तो खाडीत बुडाला. मी तेव्हाही म्हणालो होतो, पोहता येत नव्हतं म्हणून बुडाला, फोटोचा काय संबंध. हसुरामला ते पटलं नाही. तेव्हापासून फोटो म्हटलं की हा माणूस डोकी मोजतो. तीन भरली की ओरडतो, "चवथा या रं कुनीतरी!" कोणाच्या तरी साखरपुड्यात त्याने आइस्क्रीम वाटणाऱ्याला ओढून शेजारी उभा केला होता. त्या फोटोत तो पोरगा हातात ट्रे घेऊन आहे.

मी मानत नाही. पण तो मानतो. मला तेवढं पुरे होतं.

आणि फोटो काढणाऱ्याच्या हातात काय असतं ते मी आता शिकलो होतो. समोर नऊ माणसं उभी असू देत. आत किती घ्यायची ते मी ठरवणार. हसुरामने डोकी मोजावीत, मी पुढे चालत जावं... कडेची माणसं एकेक गळतील आणि राहतील तीन. मधे तो. मग तो फोटो मोठा करायचा, फ्रेम करायचा, आणि भर पंगतीत त्याच्या हातात द्यायचा. मग त्याने वर्षभर रोज सकाळी उठून स्वतःची नाडी बघावी. माझी बायको त्याने कातरून टाकली, मी त्याची झोप कातरणार होतो.

त्याची पंचाहत्तरी आली. बंगल्यासमोर मांडव, केळीचे खांब, माईक. मी जाणार नाही असं गावाला वाटत होतं. मी धुतलेलं धोतर नेसून, मोबाईल घेऊन गेलो. हसुराम मला बघून उठलाच. माईकवर सांगितलं, "माजा दादूस आला! राग गेला त्याचा! आता तो फोटू काडतो, माहीत हाय ना सगल्यांना?" लोक हसले. त्याने भाड्याने आणलेला फोटोवाला तिकडे ड्रोन उडवण्यात गुंतला होता.

म्हटलं, "ये, तुजा घरच्यांसंगती एक काडतो. चांगला."

"काड ना दादूस."

जागा मी निवडली. मांडवाचं पांढरं कापड बंगल्याच्या भिंतीला लावून ताणलेलं होतं, त्यासमोर. पाठीमागे साफ. कापडामागे लगेच भिंत, मधे हात सरकवायचा म्हटला तर अडकेल. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे मला सगळ्यांनी तेच विचारलं.

हसुराम मधे. उजवीकडे थोरला मुलगा, डावीकडे धाकटा. त्यांच्या पलीकडे सुना, जावई, व्याही. हसुराम बोट नाचवत मोजायला लागला.

"नव हाय. चालतंय, काड."

"तोंड सरल ठेव. हास."

"नुसता हासू का दात पन दाकवू?" असं म्हणून हसला. सगळे हसले.

मी पुढे चाललो. एक पाऊल, आणखी एक. व्याही गेले. जावई गेला. सुना गेल्या. रेघांच्या मधल्या चौकोनात हसुराम, अगदी मधोमध, जिथे ठेवू नको असं अश्विनीने सांगितलं होतं तिथेच. सकाळचं उन्ह त्याच्या एका गालावर. मी कडा बघितल्या. वरची, खालची, डावी, उजवी. मागचं कापड बघितलं, कोरं. तीन माणसं, दुसरं काही नाही. माझा हात अजिबात हलला नाही. आणि त्या क्षणी... मानत नाही म्हणणारा मी, मनातल्या मनात बोललो की खरं असेल तर होऊ दे.

दाबलं. एकच काढला. अश्विनी म्हणते दहा काढून एक निवडावा, मला ते जमत नाही. हाताने उन्ह अडवून पडद्यावर बघितलं. तीन. तोंडं स्पष्ट, हसुराम मधे, दात दाखवत. मी मोबाईल खिशात टाकला, जेवलो, दोनदा मटण घेतलं, घरी आलो.

दुपारी अश्विनी मसाला कांडून आणून बरण्या भरत होती. मी तिच्यासमोर मोबाईल धरला. म्हटलं, बघ, नियम मोडून काढला तरी कसा आलाय.

तिच्या हातातला चमचा बरणीत पडला. मोबाईल तिने दोन्ही हातांनी धरला.

"बाबा... आई."

"काय आई?"

"आई आहेत."

मी चष्मा शोधला. हसुराम आणि त्याचा थोरला मुलगा यांच्या मधल्या फटीत, जरा मागे, चांगुणा उभी होती. हिरवं नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू. पदर डोक्यावर, तोंडावर नाही. सरळ कॅमेऱ्यात बघत होती, म्हणजे माझ्याकडे. जसं कुणी उशिरा येऊन फोटोत घुसतं आणि म्हणतं, थांबा की, मी राहिले.

फोटोत चार माणसं होती. आणि चार झाल्यावर मधे कोणीच नव्हतं. दोन इकडे, दोन तिकडे, हसुराम कडेच्या रेघेवर गेलेला.

मी खाली बसलो. अश्विनी रडायला लागली होती आणि मसाल्याच्या हाताने डोळे पुसल्यामुळे आणखी रडत होती. मी रडलो नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला राग आला. म्हटलं, बाई, जन्मभर फोटोला बोलावलं तर पळालीस, आणि आलीस ती कुठे? त्याच्या शेजारी? त्याला वाचवायला?

दुसऱ्या दिवशी पनवेलला जुन्या बाजारात एक स्टुडिओवाला आहे त्याच्याकडे गेलो. बोलका माणूस. फोटो कॉम्प्युटरवर घेतला, मोठा करत करत चांगुणाच्या कानातल्या कुडीपर्यंत गेला.

"काका, एआय केलंय काय? हल्ली कुणीपण करतं."

"माझी चौथीपर्यंतची शाळा. मी काय करणार?"

"सुनेने?"

"ती रडतेय घरी."

त्याने आणखी मोठा केला. "जोड नाही हो कुठे. उन्ह पण त्याच बाजूने पडलंय बाईंच्या गालावर, बाकीच्यांच्या पडलंय तसंच. कोणीतरी मागून आलं असेल."

"मागे भिंत आहे."

"मग पुढून आली असेल, तुम्ही बघितलं नसेल."

"मेलेली आहे ती."

त्याने माऊस सोडला. म्हणाला, "मग आता काय करू?"

मी म्हटलं, तिला एकटीला काप. हसुराम आणि त्याची पोरं काढून टाक, मला माझी बायको दे. माझ्याकडे तिचा हा एवढाच फोटो आहे. त्याने पडद्यावर चौकोन आखला, चांगुणाच्या भोवती. छापला. मशीनमधून कागद आला त्यावर मांडवाचं पांढरं कापड होतं आणि एका कडेला हसुरामच्या बाहीचा तुकडा. दुसरं काही नाही.

त्याने परत केलं. परत कापड. मग म्हणाला मशीन खराब असेल, आणि अख्खा फोटो छापला. चौघं आले. चांगुणासकट, कुडीसकट. मग हसुरामला तेवढं काढून छापला — दोन पोरं आणि मधे मोकळी जागा. अख्खा छापला, ती आली. स्टुडिओवाल्याने छापलेले सगळे कागद एकावर एक ठेवले. पंखा चालू असून त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"काका, हा असाच न्या. मोठा करून देतो. कापायला मला सांगू नका."

मी तो तसाच आणला. फ्रेम केला. पण हसुरामला द्यायचा म्हणून नाही. देऊन काय होणार होतं, चार झाले होते. तो मोजणार आणि हसणार. ठरवलेलं सगळं तिने पाण्यात घातलं होतं.

फोटो कपाटावर उलटा ठेवला. रोज सरळ करायचो, तिला बघायचो, शेजारी हसुरामचे दात दिसले की उलटा करायचो. त्याच्या तोंडावर कागद चिकटवून बघितला. तिच्याकडे नजर नेली तर ती धूसर... खरंच की माझा चष्मा, हे मी शपथेवर सांगणार नाही. कागद काढून टाकला.

वर्षश्राद्ध आलं. भिंतीवर फोटो लागणार, हार घालायचा, पानं वाढायची. अश्विनीने हळूच विचारलं, "बाबा, आधारकार्डाचाच ठेवायचा का?"

"तिचा चांगला फोटो घरात असताना?"

"पण त्यात काका आहेत. ते जिवंत आहेत, बाबा. हार घातला तर..."

ती बोलली आणि मला दिसलं. मी स्वतः खिळा ठोकला.

झेंडूचा मोठा हार आणला, फ्रेमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचेल असा. खाली समई, उदबत्ती, पाट. भावकी जमली. लोक आत यायचे, हात जोडायला हात उचलायचे आणि हात तसेच राहायचे. बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या.

हसुराम आला. चप्पल काढली, आत आला, वाकणार तोच वर बघितलं.

आधी स्वतःला बघितलं. माणूस आधी स्वतःलाच बघतो.

"दादूस... ह्यो काय?"

"फोटू हाय."

"मना हार घातलास?"

"तुना कशाला? तिना घातलाय."

"मी जित्ता हाय, दादूस!"

"मग हो ना बाजूला."

कुणीतरी मागे खोकल्यासारखं केलं. हसुरामचा हात गळ्यातल्या चेनकडे गेला. तो पुढे झाला, आणि तेव्हा त्याचं तिच्याकडे लक्ष गेलं. त्याच्या मुलाच्या आणि त्याच्या मधे. त्याने फोटो ओळखला होता, मांडव ओळखला, कपडे ओळखले. तो दिवस त्याचा होता, त्याला सगळं आठवत होतं.

"वयनी नव्हती तिथं," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक. "आमी नव होतो. मी मोजलं होतं."

"मी पन मोजलं होतं," मी म्हणालो. "तीन."

त्याने माझ्याकडे बघितलं. तीन म्हणजे काय, मधे कोण, मी पुढे का चालत आलो होतो — सगळं त्याला एका झटक्यात कळलं. आजवर मी कुणाच्या तोंडावरचा रंग असा उतरताना बघितला नव्हता. त्यासाठी मी वर्षभर रेघा शिकलो होतो. तो भिंतीला धरून खाली बसला आणि मला म्हणाला नाही, फोटोकडे बघून म्हणाला, "वयनी, चुकलो गं. तो कापाला नको होता मी."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. त्यांना वाटलं, आता दादूस उठेल, हार काढेल, भावाला पोटाशी धरेल. अश्विनी पण माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "पानं वाढा."

तो जेवला नाही. त्याचा थोरला मुलगा संध्याकाळी आला, म्हणाला, काका, बाबा झोपत नाहीत, फोटो काढा. आमी त्याच्याजागी दुसरा मोठा बनवून देतो, काकीचा एकटीचा, एआयने करता येतो, ओळखू येणार नाही. मी म्हटलं, मला ओळखू येईल. तेव्हापासून हसुराम अधूनमधून स्वतः येतो. आत येत नाही, ओटीवर बसतो, अश्विनी चहा देते. दारातून भिंतीकडे बघतो. हार सुकलेला दिसला की जरा बरा दिसतो, आणि मी लगेच ताजा आणतो. त्याला काही झालेलं नाही, साखर वाढली आहे एवढंच. पण गावात त्याला शिंक आली तरी लोक माझ्या घराकडे बघतात.

साखर फोटोने वाढते का, ते डॉक्टर जाणे. मला विचाराल तर मी अजून मानत नाही.

पण ती आत कशी आली, हे मला कळलेलं नाही. मी कडा बघितल्या होत्या. स्टुडिओवाल्याला कळलं नाही, मुलाने बंदरावरच्या कॉम्प्युटरवाल्याला दाखवला त्याला कळलं नाही. भटजींना विचारलं तर ते म्हणाले, आत्म्याची ओढ. ओढ कुणाकडे, असं मी विचारलं, तर त्यांना घाई होती. ती हसुरामला वाचवायला आली, की माझ्या हातून होऊ नये ते अडवायला, की घरी यायला दुसरी वाट नव्हती म्हणून... सकाळी दिवा लावताना विचारतो. ती बघते, बोलत नाही. जिवंतपणी पण रागावली की अशीच करायची.

ग्रुपवर शिकलेली माणसं आहेत. एआय आहे, सावली आहे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, हे लिहू नका, ते सगळं ऐकून झालंय. मला एवढंच सांगा — तिला धक्का न लावता, ती न पुसता, त्या फोटोतून तिला एकटीला बाहेर काढता येतं का? कुणाला येत असेल तर मी आज हार उतरवतो. नाही येत, तर हसुराम तिथेच राहील. झेंडूचा बाजार घरापासून लांब नाही.